सांडशी कोणी घडवली?



खुरपणीचे दिवस आहेत. दिवसभर वाकून आलेल्या तुम्ही आता चुलीपुढे बसून हे ऐकत असाल. खुरपं जवळ असेल तर जरा हातात घ्या. पात्यावर, मुठीच्या बाजूला, हातोडीचे बारीक ठसे दिसतात का? दिसले तर ते भट्टीवर घडवलेलं आहे. अगदी गुळगुळीत असेल तर दुकानातलं. आज आम्ही या ठशांविषयी बोलणार आहोत. खुरप्याविषयी नाही, तर खुरपं ज्या हातोडीनं, सांडशीनं आणि छिन्नीनं घडलं, त्या हत्यारांविषयी. ती हत्यारं कोणी केली?

विषय निघाला एका अर्जावरून. आमच्या एका बचत गटात घिसाडी समाजाची मावशी आहे. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. पूर्वी यांचं बिऱ्हाड बैलगाडीवर असायचं, आता काही वर्षं एका गावाच्या कडेला स्थिरावलंय. तिला भट्टीसाठी विजेवरचा पंखा आणि धार लावायचं यंत्र घ्यायचं होतं, म्हणून आम्ही कर्जाचा अर्ज भरला. अर्जात एक रकाना होता: 'सध्याची हत्यारे व त्यांची किंमत, खरेदीच्या पावतीसह.' मावशीनं गोणपाटावर सगळं मांडलं. दोन घण, चार हातोड्या, सात सांडशी, छिन्न्या, भोक पाडायचे सुंबे, ऐरण. साहेब म्हणाले, पावत्या? मावशी म्हणाली, "आमचं आम्हीच केलंय, साहेब. पावती कोण देणार?" रकान्यात 'निरंक' लिहिलं गेलं. ज्या हत्यारांवर चार माणसांचं पोट चालतं, त्यांची कागदावरची किंमत शून्य.

खरी लाज पुढं आहे. त्याच अर्जात 'अर्जदाराचा व्यवसाय' असा रकाना होता. तिथे 'घरकाम' असं आम्हीच लिहिलं होतं. सवयीनं. पतीचा व्यवसाय 'लोहारकाम', अर्जदाराचा 'घरकाम'. दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो तर ती कमरेला पदर खोचून घण मारत होती आणि नवरा खाली बसून सांडशीत लोखंड धरून होता.

त्या दिवशी आम्ही तिथेच बसलो आणि सांडशी कशी होते ते पाहिलं.

आम्हाला वाटलं होतं, हत्यार म्हणजे चांगलं कडक पोलाद हवं. मावशी हसली. सांडशीला साधी सळईच बरी. सांडशी सारखी विस्तवात जाते आणि लगेच पाण्यात बुडते. कडक पोलाद असलं तर एक दिवस हातातच तडकेल. दोन सळया घेतल्या. एकेकीचं टोक तापवून ऐरणीच्या कडेवर चपटं केलं, तो झाला जबडा. मग सळई पाव फेरा फिरवून त्याच्यामागची जागा चपटी केली, तो झाला सांधा. तिथे सुंबा ठोकून भोक पाडलं. तापलेल्या लोखंडात सुंब्यानं भोक पाडलं की लोखंड निघून जात नाही, बाजूला सरकतं, म्हणून सांधा दुबळा होत नाही. दोन्ही पाती एकावर एक ठेवून लाल खिळा ठोकून बसवला. सांधा इतका आवळला गेला की सांडशी हलेना. पुन्हा सगळी तापवली, उघडझाप करत करत निवू दिली, आणि ती मोकळी झाली. दोन दांड्या हाताच्या पकडीप्रमाणे वाकवल्या. हा पकडीचा अंदाज कोणाच्या हाताचा होता म्हणाल, तर नवऱ्याच्या. कारण सांडशी तो धरतो. घणाचा दांडा मात्र मावशीच्या मापाचा होता, बाजारात मिळतो त्याहून वीतभर आखूड.

सात सांडशी कशाला लागतात? चपट्या पट्टीला वेगळी, गोल सळईला वेगळी, कुऱ्हाडीच्या तुंब्याला वेगळी. काम बदललं आणि पकड घसरायला लागली, की आधी नवी सांडशी घडवायची, मग काम. सुताराची करवत, चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, सगळं दुसऱ्याकडून येतं. लोहाराला दुसऱ्याकडे जावं लागत नाही. तव्याला खोलगटपणा द्यायचा असेल तर बाभळीच्या ओंडक्यात खळगा कोरून त्यावर पत्रा ठोकतात. तो ओंडकाही हत्यारच, आणि त्याचीही पावती नाही.

सुंबा आणि छिन्नी हे खरं कसबाचं काम. त्यासाठी ट्रकच्या मोडक्या पाट्याचं किंवा झिजलेल्या कानशीचं पोलाद घेतात. कानस आधी तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवायची, म्हणजे हळूहळू निवते आणि मऊ होते. मग ठोकून आकार द्यायचा. मग टोक लाल करून पाण्यात बुडवायचं. आता ते काचेसारखं कडक झालं, पण काचेसारखंच ठिसूळ. घण बसला की कपची उडून डोळ्यात जाईल. म्हणून टोक विटेवर घासून चकचकीत करायचं आणि मागच्या बाजूनं हळू ऊब द्यायची. चकचकीत लोखंडावर रंग चालत येतात. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पुस्तकात बघितलं तर पिवळसर रंग साधारण २३० अंश सेल्सिअसला येतो आणि निळा ३०० च्या आसपास. मावशीला अंश ठाऊक नाहीत. छिन्नीला कोणता रंग, विचारलं तर म्हणाली, वांग्याचा. "निळं झालं की गेलं, मग पुन्हा पहिल्यापासून." यालाच पाणी देणं म्हणतात. आम्ही आजवर समजत होतो की पाणी देणं म्हणजे नुसतं बुडवणं.

एका मुलीनं तिथेच विचारलं, सांडशी करायला सांडशी लागते, तर पहिली सांडशी कशी केली? प्रश्न पोरकट नाही. ज्यू लोकांच्या जुन्या धर्मग्रंथात, देवानं सृष्टी घडवताना सहाव्या दिवसाच्या संध्याकाळी ज्या काही नवलाच्या वस्तू केल्या असं सांगितलंय, त्यांत काही जण सांडशीही धरतात, कारण ती दुसऱ्या सांडशीशिवाय होत नाही. मावशीच्या नवऱ्यानं उत्तर दिलं, लांब सळई घ्यायची, गार टोक हातात धरायचं, तापलेलं टोक ठोकायचं. झालं.

आम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालो. राजे, तह, सनावळ्या पाठ केल्या. भट्टीवरून परत आल्यावर पुस्तकं पुन्हा काढली, या वेळी हत्यारं शोधायला.

महाराष्ट्रात लोखंडाचं काम फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. त्याच भागात माहुरझरीच्या शिलावर्तुळांत, म्हणजे दगडांची कडी मांडलेल्या जुन्या दफनांत, लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या मिळाल्या. म्हणजे माणसाबरोबर त्याची हत्यारंही पुरत होते. त्या हत्यारांची त्यांना किती किंमत होती, ते यावरून समजावं.

आपल्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा तुम्ही पाहिलं असेल. यादवकाळातली देवळं, तो उंच कोरीव खांब. बघणारा म्हणतो, काय नक्षी आहे! आता तो काळा दगड आठवा. त्यावर टाकी किती वेळ टिकेल? रोज बोथट होणार, रोज तापवून ठोकून पुन्हा धारेवर आणावी लागणार. देऊळ उभं राहत होतं तेव्हा शेजारी भट्टी पेटलेलीच असणार आणि भात्यावर कोणीतरी बसलेलं असणार. भात्यावर कोण, ते कुठल्या शिलालेखात नाही. आम्हाला अंदाज आहे.

तसंच जात्याचं. गंगाखेड म्हटलं की जनाबाई, आणि जनाबाई म्हटलं की जातं. पण जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावावी लागते. आपल्या लहानपणी 'टाकी लावायची का' म्हणून ओरडत बाया दारावर यायच्या. जातं दगडाचं, ओवी बाईची, पण मधली ती टाकी भट्टीतूनच आलेली.

गंगाखेडच्या खाली गोदावरी नांदेडवरून तेलंगणात उतरते. तिकडे निजामाबाद–निर्मळ भागात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. आपला जिल्हा आणि ते गाव, दोन्ही तेव्हा निजामाच्याच राज्यात. तिथे बंद मातीच्या मुशीत लोखंड वितळवून जे पोलाद करत, ते न्यायला इराणचे व्यापारी येत. हेन्री वॉयसी नावाचा एक इंग्रज डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ तिथे जाऊन आला होता, त्याचं टिपण १८३२ साली छापलं गेलं. दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींना दख्खनचं असं पोलाद लागे. 'पोलाद' हा शब्दच फारसी. माल आपल्याकडचा, नाव त्यांच्याकडचं, आणि कीर्ती दमास्कसची! असो.

गावातला लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारांचं आणि फिरस्त्या लोकांचं वर्णन आहे. पुस्तक इंग्रजी मुलखातल्या खेड्यांविषयीचं आहे, पण आपल्याकडची जुनी माणसं सांगतात ते फार वेगळं नाही. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा, कसब लोहाराचं. वर्षभर फाळ, पास, खुरपी शेवटून द्यायची, गाडीच्या चाकाला धाव चढवायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. घण मारायला बहुतेक वेळा अवजार घेऊन आलेला गडीच उभा राही.

घिसाडी हे बलुतेदार नव्हेत. ते फिरते. गाडीतच भट्टी, गाडीतच ऐरण, गाडीतच लेकरं. आजही त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. घरात बोलतात ती भाषा गुजराती–राजस्थानीच्या अंगाची. मूळ राजस्थानचं, असं तेच सांगतात. तिकडच्या गाडियालोहारांची कथा अशी की १५६८ साली अकबरानं चितोड घेतलं तेव्हा त्यांनी शपथ घेतली, चितोड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही. कथा आहे, तिला कथाच म्हणू. पण फिरत्या माणसाला घण मारायला गावचा गडी कोण देणार? म्हणून घण बायकोच्या हातात आला. नवरा बसून एका हातात सांडशी आणि एका हातात छोटी हातोडी धरतो. छोट्या हातोडीनं जिथे टकटक करेल तिथे, आणि तेवढ्याच जोरानं, उभी असलेली बाई घण घालते. हातोडी आडवी ठेवली की थांबायचं. एक शब्द बोलायचा नाही. अंगावर पाच-सहा किलोचं लोखंड फिरतंय आणि नवऱ्याची बोटं वीतभर अंतरावर आहेत. ही बाई 'मदतनीस' कशी?

भालजी पेंढारकरांचा १९६५ सालचा 'साधी माणसं' हा सिनेमा आपल्या आयांनी पाहिलेला. लोहाराच्या जोडप्याची गोष्ट. त्यातलं भात्यापाशी म्हटलेलं गाणं लता मंगेशकरांच्या आवाजात अजून रेडिओवर लागतं आणि आम्हीही ते ऐकताना हातातलं काम थांबवतो. फक्त एवढंच म्हणतो, पडद्यावर लोहाराची बायको म्हटली की भाता आठवतो, घण आठवत नाही.

मग काळ फिरला. १९०० च्या सुमाराला हैदराबाद–मनमाड रेल्वे परभणी–पूर्णेवरून धावू लागली. रूळाचा तुकडा म्हणजे गरिबाची ऐरण. मावशीची ऐरण तशीच आहे, सासऱ्यानं आणलेली, मधोमध खोलगट झालेली. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन नासेल म्हणून आधी शेतकरी घेईनात, पुढं गावोगाव तोच झाला. कारखान्याचे ओतीव बिडाचे भाग ठोकून शेवटता येत नाहीत, तुटतात. मोडलं की नवा भाग आणा. बलुतं पैशावर आलं, मग ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी चाकं आली आणि धाव चढवणं संपलं. राहिलं काय? खुरपं, विळा, कुऱ्हाड आणि कोयता.

कोयत्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादम हिशोब कसा करतो? 'कोयत्यावर'. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघं मिळून एक. उचल एक कोयत्याची आणि बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकरी करते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते आणि हिशोबात ती कोयत्याच्या पोटात. 'घरकाम' लिहिणाऱ्या आम्ही आणि 'एक कोयता' लिहिणारा मुकादम, आमच्यात फार फरक राहिला नाही, हे आम्हाला त्या भट्टीवर कळलं.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. तिथे बाया घराच्या मागच्या छोट्या भट्टीत लोखंडी साखळ्यांच्या कड्या घडवायच्या, पाळण्यातलं लेकरू तिथेच शेजारी. १९०९ च्या कायद्यानं त्यांना किमान मजुरी ठरवून दिली, तासाला अडीच पेनी, पण मालक ती टाळायला बघू लागले. १९१० साली बायांनी हातोडी खाली ठेवली. मेरी मॅकआर्थर नावाची कामगार पुढारी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. दहा आठवडे संप चालला आणि मालकांना मजुरी मान्य करावी लागली. कित्येकींचं उत्पन्न जवळपास दुप्पट झालं. संपासाठी लोकांनी दिलेल्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत गावात कामगारांची वास्तू उभी राहिली. त्यांचं काम मोजता येत होतं, कारण साखळीची कडी बाई स्वतः घडवायची. मावशीचा घाव आणि नवऱ्याची पकड यांतून एकच खुरपं निघतं, त्याचे दोन भाग कसे करणार? अडचण इथे आहे.

आपल्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर संशोधन होतं, आणि ते व्हायलाच हवं. बाईच्या हाताच्या मापाचं अवजार हा आता अभ्यासाचा विषय झालाय. पण ते माप मावशी कधीपासून घेते आहे. आमच्या गटातल्या एकीच्या उजव्या हाताची दोन बोटं मळणीयंत्रात गेली. तिच्यासाठी मावशीनं खुरप्याची शेपटी जास्त वाकवली आणि मूठ जाड केली. ती बाई आता पहिल्यासारखी पात धरते. दुकानात असं खुरपं मागून बघा.

कर्जाचा अर्ज अजून पडून आहे. गटाच्या अंतर्गत बचतीतून आठ हजार काढले, त्यात हातानं फिरवायचा जुना पंखा आला. विजेचा नंतर बघू. अर्ज मात्र आम्ही बदलून दिला. व्यवसायाच्या रकान्यात 'लोहारकाम (घण)' लिहिलं. साहेब म्हणाले, कंस कशाला? आम्ही म्हणालो, राहू द्या.

आणि पावतीचं काय? गटाच्या बैठकीत ठरलं की गटाच्या नोंदवहीतच हत्यारांची यादी करायची, अध्यक्ष-सचिवांच्या सहीनं. वस्तू, कशापासून केली, किती वर्षं झाली, आज तशी करून घ्यायला किती खर्च येईल. यादीत एक रकाना आम्ही वाढवला: कोणी केली. मावशी एकेक हत्यार उचलून सांगत होती. ही सांडशी दोघांनी. ही सासू-सासऱ्यांची, मूठ मात्र नंतरची. हा सुंबा माझ्या आईनं माहेरून दिला, तिच्या कानशीतला. घणापाशी ती थांबली. हा कोणाच्या नावावर लिहायचा, आम्ही विचारलं. लोखंड नवऱ्यानं आणलं, भोक त्यानं पाडलं, ठोकला तिनं आणि तिच्या जावेनं, दोघींनी आळीपाळीनं, कारण तेव्हा तिला सातवा महिना होता. रकाना लहान पडला. खालच्या ओळीत लिहिलं.